भ्रमणध्वनी, आंतरजाल आणि आपले कौटुंबिक जीवन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



 मोबाईल व इंटरनेट यांमुळे दैनंदिन जीवनात झालेला पालट हा विषय आम्हांस नेमून देण्यात आला आहे. या विषयावर बोलणारांचे दोन पंथ दिसतात. एका पंथास या यंत्रात सर्व सुखांचे निधान दिसते. दुसऱ्यास सर्व अनर्थांचे मूळ त्यातच सापडते. दोन्ही पंथांची व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली असतील. आम्ही आज निराळ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. पूर्वी जी कामे चार माणसांच्या हातून होत, ती आता एका यंत्राकडून होतात. ती माणसे मधून गेल्यामुळे वेळ वाचला, पैसा वाचला आणि क्वचित् अपमानही वाचला. परंतु त्या माणसांच्या हातून कामाबरोबर आणखीही काही मिळत असे. ते आता कोणी द्यावयाचे, हा तो प्रश्न होय. आणि आपल्यासारख्या मंडळांचे भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे आमचे मत आहे.

वार्ता पूर्वी कशी येत असे, याचे स्मरण प्रथम करू. पोस्टकार्ड अथवा आंतर्देशीय पत्र हे घराघरांचे मुख्य साधन होते. पत्रास मायना असे. वडिलांस ‘तीर्थरूप’, मुलास ‘चिरंजीव’, स्नेह्यास ‘स. न. वि. वि.’ आणि शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. हा मायना लिहितालिहिताच मुलांस नात्यांची ओळख होत असे. लग्नपत्रिकेस हळदकुंकू लागे. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि ते कार्ड वाचून झाल्यावर घरात ठेवीत नसत. तार आली म्हणजे ती उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. विवाहाच्या शुभेच्छांसाठी तारखात्याची ठरीव वाक्ये असत व त्यांस क्रमांक असत; क्रमांक सांगितला की वाक्य पोचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपालखात्याने सहा आकडी पिनकोड सुरू केला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेलच.

दूरध्वनी होता; परंतु तो थोड्यांच्या घरी. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परगावी बोलावयाचे तर ट्रंककॉल लावून तासन्‌तास बसावे आणि जोडणी मिळताच सगळ्या आळीस ऐकू जाईल अशा आवाजात बोलावे. मध्यस्थाविना परगावी थेट क्रमांक फिरविण्याची एस.टी.डी.ची सोय आपल्या देशात १९६० साली लखनौ व कानपूर या शहरांदरम्यान प्रथम झाली. तिचा लाभ सामान्य माणसास खऱ्या अर्थाने मिळाला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, कोपऱ्याकोपऱ्यावर सार्वजनिक दूरध्वनीची दुकाने निघाली तेव्हा. रात्री दर उतरल्यावर त्या दुकानांपुढे लागणारी रांग आणि काचेच्या खोलीत डोळ्यांसमोर चढत जाणारा बिलाचा आकडा आपण विसरलो नसू.

त्यानंतर १९९५ साल उजाडले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवर संभाषण केले. भारतातील तो पहिला मोबाईल कॉल मानला जातो. त्यानंतर पंधरवड्यानेच, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. आरंभी ही दोन्ही श्रीमंतांची चैन होती. बोलण्यास पैसे पडत आणि आलेला कॉल ऐकण्यासही पैसे पडत. म्हणून आपल्या लोकांनी ‘मिस्ड कॉल’ची एक भाषाच निर्माण केली. एकदा वाजवून बंद केले म्हणजे ‘पोचलो’, दोनदा वाजवले म्हणजे ‘तू कर’. १ मे २००३ पासून येणारा कॉल विनामूल्य झाला आणि भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांच्या हाती फोन दिसू लागला. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ कंपनीने सेवा सुरू केल्यावर इंटरनेटचे दर एकदम कोसळले आणि ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हते त्याच्याही हातात चलच्चित्रे आली. या दरम्यान, जुलै २०१३ मध्ये, तारेची सेवा बंद झाली. जी तार ऐकून आपल्या आज्यांच्या छातीत धस्स होत असे, ती गेली तेव्हा कोणाच्या ध्यानीही आले नाही.

येथे या यंत्राच्या कार्यपद्धतीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण ज्या वस्तूवर आपण इतके विसंबतो तिचे स्वरूप थोडेतरी ठाऊक असावे. मोबाईल म्हणजे मुळात लहानसे ध्वनिक्षेपक व ग्राहक यंत्रच. शहराचे वा तालुक्याचे लहान लहान विभाग कल्पून प्रत्येक विभागात एक मनोरा उभा करतात. या विभागांसच ‘सेल’ म्हणतात आणि म्हणून फोनही ‘सेल्युलर’. आपण एसटीतून जात असता एक मनोरा आपणांस दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, आणि बोलणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. इंटरनेटची युक्ती याहून निराळी. निरोपाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घालतात. ते तुकडे वेळप्रसंगी भिन्न मार्गांनी जातात आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा जोडले जातात. आणखी एक गोष्ट ऐकून काहींस आश्चर्य वाटेल. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाचे मुख आपण फोनवर पाहतो, ते आकाशातून उतरत नाही. बहुधा ते समुद्राच्या तळाशी अंथरलेल्या काचतंतूंच्या केबलमधून येते, आणि अशा अनेक केबली आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरच भूमीस लागतात.

आता झालेल्या लाभाची मोजदाद करू. ती कृपणपणे करणे अन्यायाचे होईल. २००२ सालापासून रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढता येऊ लागले. आधार क्रमांकाचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावातून सुरू झाले. निवृत्तिवेतनधारकास हयातीचा दाखला देण्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेत खेटे घालावे लागत. २०१४ पासून तो दाखला बोटाच्या ठशावरून संगणकाद्वारे देता येतो. २०१८ पासून सातबाऱ्याचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला आणि त्या एका कागदासाठी तलाठ्याच्या दारी बसून राहण्याचा शेतकऱ्याचा वनवास पुष्कळ अंशी संपला. २०१६च्या एप्रिलमध्ये यूपीआयची योजना आली. आज कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेही मंडईत फोनवरून दिले जातात आणि सुट्या पैशांवरून होणारी वादावादी थांबली आहे.

परंतु सर्वांत मोठा लाभ आमच्या मते सासुरवाशिणीस झाला. पूर्वी सासरहून मुलीने माहेरी लिहिलेले पत्र पेटीत पडण्यापूर्वी घरातील दोघांतिघांच्या नजरेखालून जात असे. ‘मी येथे सुखरूप आहे’ या वाक्यापलीकडे तिला काय लिहिता येणार? दूरध्वनी असला तर तो दिवाणखान्यात, सर्वांच्या देखत. आज ती गच्चीवर जाऊन आईशी आपल्या मनातले बोलू शकते. किती मुलींचे हाल या एका सोयीने वेळीच कळले असतील याची गणती कोणी केलेली नाही. तथापि येथेही एक आकडा ध्यानी धरावा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत असे आढळले, की देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी स्वतःस वापरता येईल असा मोबाईल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या भगिनींच्या हाती तो नव्हता. घरात फोन असणे आणि घरातील स्त्रीच्या हाती फोन असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

लाभाची बाजू सांगितली. आता वजाबाकी सांगतो. आपल्या आळीत निवृत्त मुख्याध्यापक, पोस्टमास्तर, बँकेतील कारकून अशी मंडळी असत. निरक्षर माणसाचे पत्र वाचून दाखविणे, मनिऑर्डरीचा फॉर्म भरून देणे, अर्ज लिहून देणे ही त्यांची नित्याची सेवा. त्यातून त्यांस मान मिळे आणि गरजूस आधार मिळे. आज त्याच वृद्ध मुख्याध्यापकांस फोनवर आलेला सहा आकडी संकेत कोठे लिहावयाचा, हे नातवास विचारावे लागते. नातू कामात असतो. ‘आजोबा, कालच तर सांगितले’ असे तो सहज म्हणून जातो. त्या शब्दांत दुष्टपणा नसतो, पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यास शिकविले त्यास ते लागतात. ही एक नवी निरक्षरता होय. जुनी निरक्षरता शाळेत न गेलेल्यास होती. ही नवी शाळा चालविलेल्यासही आली आहे. जुन्या निरक्षरास आळीत आधार होता. या नव्या निरक्षरास बहुधा घरातही तो नाही.

२०२० साली मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा या यंत्राचे दोन्ही गुण एकदम दृष्टीस पडले. मुलांची शाळा फोनवर भरली; ज्या घरी एक फोन व तीन मुले होती, तेथे कोणाची शाळा भरावी हे आईबापांस ठरवावे लागले. अनेकांस आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन पडद्यावरच घ्यावे लागले. त्या वेळी त्यावाचून दुसरा मार्ग नव्हता आणि तेवढे तरी घडले, हे या यंत्राचे उपकारच. परंतु संकट सरले तरी सवय उरली. आज कोणाचे निधन झाल्याची वार्ता मंडळाच्या गटावर आली की काही क्षणांतच जोडलेल्या हातांच्या चित्रांची रीघ लागते. श्रद्धांजली वाहिल्याचे समाधान सर्वांस मिळते, आणि खांदा देण्यास व तेराव्या दिवसापर्यंत त्या घरी कोणी ना कोणी बसून राहण्यास माणसे मात्र पूर्वीइतकी येत नाहीत. कोपरा फाडलेले कार्ड तीन दिवसांनी पोचत असे. परंतु ते हाती पडल्यावर माणूस पिशवी भरून एसटी पकडीत असे.

माणसे अशी एकेकटी झाल्याचा लाभ कोण घेतो, तेही पाहिले पाहिजे. गेल्या काही वर्षांत ‘डिजिटल अटक’ या नावाची फसवणूक देशभर पसरली. पोलिसाचा वा न्यायाधीशाचा वेष घेतलेला भामटा पडद्यावर दिसतो. ‘तुमच्या नावाच्या पुडक्यात निषिद्ध वस्तू सापडली आहे, फोन बंद करू नका, कोणास काही सांगू नका’ असे धमकावतो, आणि घाबरलेल्या वृद्धाकडून जन्मभराची पुंजी आपल्या खात्यावर वळवून घेतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणातून देशास याविषयी सावध केले होते. आपल्या कायद्यात फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद नाही. असा प्रसंग आल्यास फोन तत्काळ बंद करावा. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक. परंतु भामट्याच्या बोलण्यातील मर्माचे वाक्य कोणते, ते पाहा. ‘कोणास काही सांगू नका.’ शेजारच्या खोलीत सून असेल, खालच्या मजल्यावर पुतण्या असेल, तर त्यास एक हाक मारताच सारे कारस्थान ढासळते. ज्याला हाक मारावयास कोणी आहे आणि हाक मारण्याचा संकोच नाही, त्यास फसविणे कठीण जाते.

याच्या उलट जेव्हा अनेक जण एकच खोटी वार्ता खरी मानतात, तेव्हा काय होते ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. आठवड्याच्या बाजारी भिक्षा मागण्यास आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांस जमावाने ठेचून ठार केले. त्यांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातून पोट भरण्यास आले होते. या व देशातील अशाच इतर घटनांनंतर व्हॉट्सॲप कंपनीने त्याच महिन्यात, एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये, असे बंधन भारतात घातले. बंधन यंत्राने घातले. पण विचार माणसानेच करावयाचा असतो. ज्यास समाजात पाठीराखा नाही त्यासच अफवेचा पहिला घाव बसतो. आपण एका ज्ञातीचे म्हणून येथे जमतो. तेव्हा परक्या ज्ञातीविषयी कलुषित मजकूर आपल्या गटावरून एकही पुढे जाऊ नये, ही जबाबदारी इतरांहून आपल्यावर अधिक आहे.

आता घरचीच एक गोष्ट, थोडी स्पष्टपणे. वधूवर परिचयाचे काम मंडळे पूर्वी वहीतून करीत. वही कार्यवाहांच्या कपाटात असे. माहिती हवी त्याने यावे, बसावे, चहा घ्यावा आणि मग दोन स्थळे उतरवून न्यावीत. देणाऱ्यास घेणारा ठाऊक असे. आज आपल्या मुलींची छायाचित्रे, जन्मवेळ, नोकरीचे ठिकाण आणि वडिलांचा क्रमांक या गटावरून त्या गटावर फिरतो. लग्न होऊन दोन वर्षे लोटली तरी फिरतच राहतो. हे घरंदाजपणास शोभत नाही आणि सुरक्षितही नाही. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमतीवाचून दुसऱ्याची माहिती वापरू नये हे त्याचे मूळ तत्त्व होय. परंतु कायद्याची वाट न पाहता, मुलीला विचारल्यावाचून तिचा कागद घराबाहेर जाऊ नये, एवढा नियम आपणच करू शकतो.

मग या यंत्राचे करावे काय? यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईलची बंदी करण्याचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने त्याच वर्षी ऑगस्टपासून दुसरा मार्ग धरला. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजावा आणि दीड तास घरोघर मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवून मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, असे गावाने ठरविले. आम्हांस दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. त्यात नियम मुलांसच नव्हे, वडिलांसही आहे. बापाने हातात फोन धरून मुलास ‘तो खाली ठेव’ म्हणावे, हा उपदेश कोणत्याही काळी फळलेला नाही.

भाषणाच्या अखेरीस चार सूचना मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. पहिली : प्रत्येक विभागात दोन तरुण व दोन तरुणी अशा नेमाव्यात, की महिन्यातून एकदा त्यांनी आपल्या विभागातील वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची फोनवरील कामे समजावून द्यावीत. समजावून द्यावीत असे आम्ही म्हणतो; त्यांचे संकेत विचारून स्वतः करून टाकू नयेत. दुसरी : परिचयपत्रके खुल्या गटावर न टाकता कार्यवाहांमार्फत, मागणाऱ्याची ओळख पटवूनच द्यावीत आणि विवाह जमताच ती काढून घ्यावीत. तिसरी : निधनाची वार्ता गटावर देताना अंत्ययात्रेची वेळ व स्थळ यांबरोबर, त्या घरी कोणत्या दिवशी कोण जाणार, हेही ठरवून लिहावे. चौथी : ही छापील स्मरणिका बंद करून ती फोनवरच द्यावी, खर्च वाचेल, अशी सूचना काही सभासदांकडून येत असते. खर्च वाचेल हे खरे. परंतु ज्यांच्या डोळ्यांस तो लहान पडदा सोसत नाही, ज्यांच्या हाती फोन नाही, अशी मंडळी आपल्या कुटुंबांतून आहेत; त्यांची नावे सभासदांच्या यादीत आहेत तोवर त्यांच्या घरी कागद गेलाच पाहिजे. शिवाय तो कागद घेऊन कोणीतरी त्यांच्या दारी जातो, उंबऱ्यावर दोन शब्द बोलतो, ‘बसा, पाणी घ्या’ असे ऐकतो. छपाईच्या खर्चात तेवढी भेटही येते, आणि आमच्या हिशेबी ती महाग नाही.

वार्ता पोचविण्याचे काम यंत्राने आपल्या खांद्यावरून उतरविले, ही सोयच झाली; त्यातून मोकळा झालेला वेळ आपण माणसांकडे जाण्यात घालवावा, एवढीच आमची विनंती आहे.  लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.